हंगामाच्या घाईत कराच्या तारखा चुकवू नका

(ऊस विकास विभागाकडून)



सुरू उसाची लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारीच्या दरम्यान उरका, ऊस तुटल्यावर पंधरा दिवसांच्या आत खोडव्याचे बुडखे जमिनीलगत छाटा, हे आम्ही या पानावरून दरसाल सांगत आलो. तारीख हुकली की उतारा घटतो, हे आता अंबड, घनसावंगी, परतूर भागातल्या कोणाही बागायतदाराला नव्याने सांगायला नको. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाळीची तारीख तर आपल्याकडे लहान पोरालाही तोंडपाठ असते. या वेळी आम्ही वेगळ्या तारखांबद्दल लिहीत आहोत. त्या शेतातल्या नाहीत, वहीतल्या आहेत. पण त्या हुकल्या तर तिथेही उतारा घटतोच.

या तारखा जानेवारी ते मार्च याच महिन्यांत दाटून येतात, आणि नेमके हेच महिने आपल्या ऐन गाळपाचे असतात. टोळी फडात, गाडी वजनकाट्यावर रांगेत, डिझेलची उधारी डोक्यावर. अशा वेळी आयकर आणि जीएसटीची आठवण कोणाला राहणार? गटात फिरताना आम्हाला नेहमी ऐकू येते, “साहेब, आम्ही शेतकरी माणसं. आम्हाला कशाचा आलाय टॅक्स?” हे वाक्य अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे नीट समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

शेतीचे उत्पन्न कोणते आणि धंद्याचे कोणते?

शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा आयकर नाही, ही गोष्ट पक्की. कारखान्याला घातलेल्या उसाचे बिल, मग तो पहिला हप्ता असो की शेवटचा, हे शेतीचे उत्पन्न. शेतजमीन खंडाने दिली तर तो खंडही शेतीतच मोडतो. आपल्या विभागाच्या जिव्हाळ्याची एक बाब अशी की, रोपवाटिकेत तयार केलेल्या रोपांच्या विक्रीचे उत्पन्न कायद्याने शेतीचेच मानले आहे. म्हणून एक डोळा पद्धतीने उसाची रोपे करून विकणाऱ्या सभासदांनी उगीच धास्ती घेऊ नये. रोपे किती केली, कोणाला दिली, पैसे कसे आले, याची नोंद मात्र ठेवावी.

आता दुसरी बाजू पाहू. ट्रक किंवा ट्रॅक्टर भाड्याने चालवणे, तोडणी-वाहतुकीचा ठेका घेणे, कृषी सेवा केंद्र, ठिबकचे दुकान, दूध संकलन, कुक्कुटपालन, मळणीयंत्राचे भाडे या सगळ्याला धंदा म्हणतात. कारखान्यातील ठेवीवरचे व्याज आणि शेअरवरचा लाभांश हेही शेतीचे उत्पन्न नव्हे. गुऱ्हाळ घालून गूळ केला, तर साधारणपणे उसाच्या बाजारभावाइतका भाग शेतीचा आणि वरचा नफा धंद्याचा धरतात.

आपल्यातले कितीतरी सभासद उसाचे धनी आहेत आणि शेजारी एखादा धंदाही करतात. पैसा दोन्हीकडून एकाच बँक खात्यात येतो आणि गोंधळ तिथून सुरू होतो. दोन खाती करणे शक्य असेल तर करावीत. नसेल तर निदान वही तरी वेगळी असावी.

शेतीचे उत्पन्न मोजतात ते दरासाठी

“शेतीला कर नाही, मग विवरणपत्रात शेतीचा आकडा विचारतात कशाला?” असा प्रश्न येतो. याचे मूळ जुने आहे. डॉ. के. एन. राज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७२ साली शेती उत्पन्नावरील कराबद्दल अहवाल दिला. त्यानंतर १९७३ च्या वित्त कायद्याने अशी रीत पाडली की शेतीच्या उत्पन्नावर कर घ्यायचा नाही, पण धंद्याच्या उत्पन्नाला कोणता दर लागतो हे ठरवताना शेतीचे उत्पन्न त्यात मिळवून पाहायचे. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल आणि बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तरच हा हिशेब लागू होतो.

उदाहरण घेऊ. समजा, एका सभासदाचा कृषी सेवा केंद्राचा आणि वाहनांचा मिळून २०२५-२६ या वर्षाचा निव्वळ नफा १४ लाख रुपये आहे. त्याचे उसाचे निव्वळ उत्पन्न २ लाख आहे. नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढच्या प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५ टक्के असे दर चढतात.

नुसत्या १४ लाखांवर कर होतो ९०,००० रुपये. शेती मिळवून १६ लाखांवर तो होतो १,२०,०००. यातून ४ लाख अधिक २ लाख, म्हणजे ६ लाखांवरचा कर १०,००० वजा करायचा. राहिले १,१०,०००. त्यावर ४ टक्के उपकर धरला की १,१४,४०० होतात. शेती दाखवली नसती तर हीच रक्कम ९३,६०० झाली असती. म्हणजे फरक २०,८०० रुपयांचा. हा फरक मागाहून कोणी काढून दाखवला तर त्यावर व्याज आणि दंड दोन्ही बसतात. तेव्हा शेतीचा आकडा लपवू नये. तसेच धंद्याचा पैसा शेतीच्या नावावर खपवूही नये, कारण तुमच्या सातबाऱ्यावर ऊस किती आणि कारखान्याच्या काट्यावर टनेज किती हे दोन्ही कागदावर आहे.

ज्यांचे करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत आहे, त्यांना नव्या पद्धतीत सूट मिळून प्रत्यक्ष कर शून्य होतो. पण कर शून्य झाला म्हणजे विवरणपत्रही माफ झाले असे नाही. धंद्याचे उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की विवरणपत्र भरावेच लागते. ही गल्लत आम्हाला फार ठिकाणी दिसते.

तोडणी-वाहतूकदारांनो, हे दोनदा वाचा

तोडणी-वाहतुकीचे बिल देताना कारखान्याला कायद्याने टीडीएस, म्हणजे उगमस्थानी करकपात, करावी लागते. ठेकेदार एकटा इसम किंवा एकत्र कुटुंब असेल तर दर १ टक्का. एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची सारी बिले मिळून १ लाखाच्या वर गेली की कपात लागू होते. ज्यांच्याकडे दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या आहेत, त्यांनी पॅन देऊन तसे लिहून दिले तर वाहतुकीच्या बिलावर कपात होत नाही. तोडणीच्या बिलाला ही सवलत नाही.

आता हिशेब मांडू. समजा, एका वाहनमालकाचे हंगामाचे एकूण बिल १४ लाख झाले आणि सगळ्या बिलावर १ टक्का कपात झाली. टोळीची मजुरी व मुकादमाचे कमिशन ८,४०,०००; डिझेल २,३०,०००; ड्रायव्हर ९६,०००; टायर, दुरुस्ती, विमा ८४,०००. एकूण खर्च १२,५०,०००. हातात राहिले दीड लाख, तेही कर्जाचे व्याज आणि गाडीची घसारा न धरता. यावर कर काहीच नाही. पण कारखान्याने कापलेले १४,००० रुपये सरकारात जमा झाले आहेत. ते परत हवे असतील तर विवरणपत्र भरणे हा एकच रस्ता. अर्ज-विनंतीने ते मिळत नाहीत आणि कारखान्यालाही ते परत देता येत नाहीत.

याच मालकाने पॅन दिला नसेल, किंवा पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर कपात १ टक्का राहत नाही, २० टक्के होते. १४ लाखांवर २,८०,००० रुपये! टोळीला काय द्यायचे आणि डिझेलचे काय? आधार न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरले जातात. म्हणून करार करतानाच पॅन चालू आहे की नाही हे पाहून घ्यावे. भावाच्या पॅनवर करार, मुलाच्या नावावर गाडी आणि बापाच्या खात्यात बिल, असला प्रकार तर मुळीच करू नये. ज्याचा पॅन त्याच्याच नावावर सारी रक्कम चढते आणि नोटीसही त्याच्याच दारी येते.

आणखी एक गोष्ट. वर्षभरात एखाद्याच्या नावावर २५,००० रुपये किंवा जास्त टीडीएस कापला गेला (साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी ५०,०००), तर उत्पन्न कितीही कमी असो, विवरणपत्र सक्तीचे आहे. सरकारी संगणकावर तुमची १४ किंवा २५ लाखांची पूर्ण जमा दिसते. त्यातून टोळीला काय गेले हे दिसत नाही. ते दाखवण्याचे काम तुमचे.

उचल आणि रोखीचा व्यवहार

टोळीची उचल ही या धंद्यातली सगळ्यात मोठी जोखीम. पावसाळ्यात लाखो रुपये रोख मोजायचे, आणि दसऱ्याला टोळी आलीच नाही तर हातात कागदाचा चिठोरा नाही. मराठवाड्यातले कितीतरी वाहनमालक यात बुडाले. कराच्या बाजूने पाहिले तरी तोच तोटा. धंद्याच्या खर्चापोटी एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले तर तो खर्च मान्य होत नाही. मालवाहू गाडी भाड्याने लावली असेल तर तिच्या भाड्यापुरती ही मर्यादा ३५,००० आहे. म्हणजे रोखीत दिलेले पैसे खिशातून गेलेच, वर ते नफ्यातही मोजले गेले.

तेव्हा उचल शक्यतो प्रत्येक मजुराच्या बँक खात्यावर द्यावी. करारपत्र करावे, त्यावर कोयत्यांची संख्या आणि प्रत्येकाचे नाव लिहावे. यात मजुराचेही भले आहे. मुकादमाने किती घेतले आणि आपल्या नावावर किती फिरवले, हे त्याला कळते.

गाडी फडात नसली तरी मीटर चालू असते

दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्यांना कायद्याने एक सोपी वाट दिली आहे. वह्या न ठेवता ठरावीक दराने नफा दाखवायचा. एकूण वजनक्षमता १२,००० किलोपर्यंत असेल तर दर गाडीला दरमहा ७,५०० रुपये. त्याहून जड गाडीला दर टनामागे दरमहा १,००० रुपये. म्हणजे १८,५०० किलो वजनक्षमतेच्या ट्रकचा नफा महिन्याला १८,५०० आणि वर्षाला २,२२,००० धरला जातो.

इथे एक मेख आहे. गाडी किती महिने चालली हे पाहत नाहीत, किती महिने तुमच्या मालकीची होती हे पाहतात. आपला हंगाम चार-पाच महिन्यांचा, पण हिशेब बारा महिन्यांचा. गाडी उन्हाळाभर दारात उभी असेल आणि खरा नफा यापेक्षा कमी असेल, तर तसे दाखवता येते. मात्र त्यासाठी पूर्ण हिशेब ठेवून तपासणी करून घ्यावी लागते. कोणती वाट परवडते हे मार्चच्या आतच सल्लागारासमोर बसून ठरवावे. ट्रॅक्टर-ट्रॉलीला ही सोय लागू होते का, हेही त्यालाच विचारावे.

तारखांचे पंचांग

जीएसटी आपल्या सगळ्यांना लागू नाही. नुसता शेतमाल पिकवून विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीची गरज नाही. मालाच्या दुकानदाराला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर, आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर गेल्यास ती लागते. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी पुढील तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवाव्यात.

१३ जानेवारी : तिमाही पद्धत घेतलेल्या दुकानदारांनी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या विक्रीचे पत्रक द्यावे.

१८ जानेवारी : आपसमेळ योजनेतील, म्हणजे कंपोझिशन घेतलेल्या दुकानदारांनी तिमाहीचा कर भरावा.

२२ जानेवारी : महाराष्ट्रातील तिमाहीवाल्यांचे कराचे पत्रक. महिनेवाल्यांना दरमहा ११ आणि २० या तारखा आहेतच.

३१ जानेवारी : ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये कापलेल्या टीडीएसचे पत्रक कारखाना, बँका वगैरे या तारखेपर्यंत देतात. ही तारीख त्यांची असली तरी काम तुमचेही आहे. फेब्रुवारीत आपल्या नावावरचा टीडीएसचा उतारा काढून बिलांशी ताडून पाहावा. पॅनचा एक आकडा चुकला तर तुमचे पैसे दुसऱ्याच्या नावावर जातात. ही चूक फेब्रुवारीत सापडली तर दुरुस्त करायला सोपी, दोन वर्षांनी सापडली तर हेलपाटेच.

१५ मार्च : आगाऊ कराचा शेवटचा हप्ता. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त होणार असेल, तर तो वर्षातच भरायचा असतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत शंभर टक्के. उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के) असा ठोक नफा दाखवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला सगळा कर एकदम १५ मार्चला भरण्याची मुभा आहे. वर सांगितलेल्या गाडीच्या ठोक हिशेबाला मात्र ही मुभा नाही. त्यांना चारही हप्ते आहेत. ज्यांचे वय साठ किंवा त्याहून जास्त आहे आणि धंद्याचे काहीही उत्पन्न नाही, त्यांना आगाऊ कर नाही.

३१ मार्च : पुढच्या वर्षासाठी कंपोझिशन घ्यायचे असेल तर याच तारखेपर्यंत कळवावे लागते. नंतर वर्षभर संधी नाही. नोकर ठेवणाऱ्या छोट्या मालकांचे व्यवसाय कराचे वार्षिक पत्रकही याच दिवशी. आयकराची जुनी पद्धत ठेवणाऱ्यांची विमा, भविष्य निधी वगैरेची गुंतवणूकही याच्या आत. दुकानातल्या मालाची मोजदाद त्या संध्याकाळी करावी.

१५ मार्च हुकला तर काय होते? एक लाखाचा कर थकला तर महिन्याला १ टक्का, म्हणजे १,००० रुपये व्याज. रक्कम फार वाटत नाही, पण ती थांबत नाही. विवरणपत्राच्या तारखा सरकार कधी कधी पुढे ढकलते. २०२५ साली ३१ जुलैची तारीख आधी १५ आणि मग १६ सप्टेंबर झाली. या सवयीच्या भरवशावर आगाऊ कराची तारीख सोडू नये.

व्यवसाय कराबद्दल दोन शब्द

“हा आणखी एक कर कशाला?” असे अनेक जण वैतागून म्हणतात. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांनी हे नव्या पिढीला सांगावे. त्या काळी खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामाला गावेच्या गावे जात होती. त्यातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला पैसा मिळावा म्हणून महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कर आणला. शहरातल्या पगारदाराने आणि व्यापाऱ्याने दुष्काळी भागातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचे, असा त्यामागचा विचार होता. आपल्या जालन्यासारख्या जिल्ह्याने तरी हा कर भरताना तोंड वाकडे करू नये.

कारखानदारीचा धडा

कागद सांभाळल्याचा उपयोग कसा होतो, याचे उदाहरण आपल्या सहकारी कारखान्यांचेच आहे. केंद्राने ठरवलेल्या किमान दरापेक्षा जास्त दर कारखान्यांनी सभासदांना दिला, तेव्हा आयकर खाते म्हणू लागले की हा खर्च नाही, ही नफ्याची वाटणी आहे, म्हणून यावर कर द्या. वर्षानुवर्षे खटले चालले. तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी निकाल दिला की, जादा दरात नफ्याचा जेवढा अंश असेल तेवढी वाटणी आणि बाकी खर्च, आणि हे हिशेब पाहून ठरवावे. त्याआधी २०१५ च्या वित्त कायद्याने पुढच्या काळासाठी सरकारमान्य दर खर्च म्हणून मान्य केला होता. मागच्या वर्षांचा प्रश्न मात्र २०२३ च्या अर्थसंकल्पाने सोडवला. २०१६-१७ च्या आधीची रक्कमही खर्च म्हणून मागता येईल असे ठरले. त्यातून सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी सभागृहात सांगितले.

हा दिलासा आपोआप खात्यात पडणारा नव्हता. अर्ज करायचा, आणि त्या त्या वर्षाचा भरलेला दर हिशेबाने दाखवायचा. ज्यांची जुनी दप्तरे जागेवर होती त्यांचे काम सोपे. कारखान्याला जे लागू ते सभासदालाही लागू. न्याय मिळायला उशीर लागेल, पण तो मिळेल तेव्हा आपला कागद हाताशी पाहिजे.

आमची सूचना

आपली वर्षे अनेक आहेत. सालगड्याचे साल पाडव्याला बदलते, साखरेचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, आणि कराचे वर्ष १ एप्रिलला. त्यामुळे एकाच हंगामाची बिले दोन वर्षांत विभागली जातात. मार्चअखेरच्या तोडणीचे पैसे आणि हंगाम संपल्यावर सुटणारी अनामत कोणत्या वर्षात धरली आहे, हे टीडीएसच्या उताऱ्यावर पाहावे आणि त्याप्रमाणेच हिशेब मांडावा.

१ एप्रिल २०२६ ही आयकर अधिनियम २०२५ लागू होण्याची तारीख. १९६१ च्या कायद्याच्या जागी तो आला. कलमांचे आणि फॉर्मचे आकडे त्याने बदलले, म्हणून आम्ही येथे कलमे दिलेली नाहीत. २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र जुनाच कायदा लागू.

एक पिशवी करा. तीत कारखान्याची बिले, डिझेलच्या पावत्या, टोळीचा करार, बँकेचा उतारा, विम्याचा कागद टाकत जा. फेब्रुवारीत एखाद्या पावसाळी ढगाच्या किंवा कारखाना बंदच्या दिवशी ती पिशवी घेऊन सल्लागाराकडे जा. तिथे एक दिवस जाईल, पण पुढचे दहा हेलपाटे वाचतील. आपल्या बिलांचा उतारा गट कार्यालयातून मागून घ्यावा. आमचे कर्मचारी तो देतील. कराचा सल्ला देणे हे आमचे काम नाही, पण तारखेची आठवण करून देणे आम्ही आमचे काम समजतो.

सुरूची लागण वेळेत, खोडव्याची छाटणी वेळेत, आणि कर वेळेत. या तिन्हींना पैसा फारसा लागत नाही, लक्ष लागते.



ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग